2.166 मायक्रॉनची ती रेषा

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी ‘इंटिग्रल’ उपग्रहाला सापडलेला, पण ओळख न पटलेला एक क्ष-किरण स्रोत घेतला. 2002 साली सोडलेल्या या उपग्रहाने असे अनेक स्रोत हेरले. मात्र त्याच्या निरीक्षणांतून जागा काही कलांपर्यंतच (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कळते, आणि आकाशगंगेच्या प्रतलात तेवढ्या वर्तुळात शेकडो तारे असतात. ‘चंद्रा’ या अवकाशातील क्ष-किरण दुर्बिणीने दिलेले, एका विकलेपर्यंत (कलेच्या साठाव्या भागापर्यंत) नेमके असलेले स्थान अवरक्त तारासूचीशी जुळवले, तेव्हा एकच तारा उरला.

अमळनेरला घरी वडिलांनी विचारले, “मंग तो तारा डोयाले दिखस का?” दिसत नाही. मधली धूळ दृश्य प्रकाश अडवते, 2.2 मायक्रॉनच्या अवरक्त प्रकाशात तीच धूळ, प्रतींमध्ये, म्हणजे ताऱ्यांच्या तेजाच्या मापात, मोजल्यास, जेमतेम दशांश अडथळा करते. म्हणून चिलीतील ला सिला वेधशाळेच्या 3.58 मीटर दुर्बिणीने घेतलेले, आता सर्वांना खुले असलेले वर्णपट मी उतरवून घेतले.

पृथ्वीच्या वातावरणातील बाष्पाच्या खुणा पुसण्यासाठी ताऱ्याच्या वर्णपटाला जवळच्या ए-वर्गाच्या प्रमाण ताऱ्याच्या वर्णपटाने भागतात. मे महिन्याच्या उकाड्यात गच्चीवर बसून मी तो भागाकार केला आणि 2.166 मायक्रॉनवर स्पष्ट उंचवटा उभा राहिला. ही हायड्रोजनची ब्रॅकेट गॅमा रेषा होय. ती उत्सर्जनात दिसली की क्ष-किरण स्रोताच्या जोडीचा तारा, म्हणजे सहचर, तप्त आणि जड असण्याची शक्यता बळावते. ‘इंटिग्रल’लाच 2003 साली सापडलेल्या ‘आयजीआर जे 16318-4848’ या स्रोताचा सहचर असाच निघाला होता. त्या आनंदात मी निष्कर्षाची दोन पाने लिहूनही टाकली.

मार्गदर्शक सरांनी एकच विचारले, “प्रमाण ताऱ्याची स्वतःची रेषा काढलीत का?” ए-वर्गाच्या ताऱ्यात हायड्रोजनचे शोषण ठळक असते, आणि खळग्याने भागले की उंचवटाच मिळतो. प्रमाण ताऱ्याचा मूळ वर्णपट काढून पाहिला, तर नेमक्या त्याच जागी, तेवढ्याच रुंदीचा खळगा होता. तो भरून पुन्हा भागले, तेव्हा माझी रेषा नाहीशी झाली. ते पाहताना मन फार खट्टू झाले.

मात्र 2.29 मायक्रॉनच्या पुढे, आधी मी गोंगाट समजून सोडून दिलेल्या भागात, एका बाजूला तुटक कडा आणि दुसरीकडे उतार अशा पायऱ्या होत्या. हे कार्बन मोनॉक्साइडचे पट्टे होते. हे रेणू थंड ताऱ्याच्याच वातावरणात टिकतात. पट्ट्यांच्या खोलीवरून तो राक्षसी, म्हणजे फुगलेला थंड तारा असावा असे दिसले, म्हणजे आधी लिहिले होते त्याच्या अगदी उलट. तो तारा योगायोगानेच ‘चंद्रा’ने दिलेल्या जागी आला नसेल ना, याची संभाव्यता मोजण्यात आणखी एक आठवडा गेला.

प्रबंधात प्रमाण ताऱ्याचा मूळ वर्णपट मी माझ्या ताऱ्याच्या वर, त्याच पानावर छापला आहे.