जुन्या रायफलीचा बोर वाढवण्याआधी चेंबरचा साचा घ्या

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या मालगुजारी वाड्यांत आजही इंग्रजांच्या काळातल्या शिकारी रायफली लायसनवर आहेत. शिकार 1972 च्या कायद्याने थांबली, पण वारसाने आलेली वस्तू कोणी सहजासहजी टाकत नाही. अडचण काडतुसांची. मग कोणीतरी सुचवतो, ‘.30-06 करून टाका, काडतूस मिळेल.’ ते होतं का, हे नळीवरचा आकडा सांगत नाही.

आकडे फसवे आहेत. आपल्याकडच्या .315 ची गोळी प्रत्यक्षात .323 इंचाची. .318 वेस्टली रिचर्ड्सची .330, .275 रिग्बीची .284 आणि .404 जेफ्रीची .423. म्हणून आधी चेंबरचा, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या भागाचा, साचा.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढा. चेंबर पितळी ब्रशने साफ करून कोरडं करा. नळीचं तोंड खाली ठेवून चेंबरपुढे साधारण इंचभर कापडाचा घट्ट बोळा बसवा. सेरोसेफ नावाचा मिश्रधातू 70 ते 88 अंश सेल्सिअसला वितळतो, त्यामुळे उकळत्या पाण्यात ठेवलेलं भांडं पुरतं. थेट आचेवर ठेवू नका. चेंबरच्या काठाखालीच ओतणं थांबवा. धातू मागे रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट बसतो त्या भागात, सांडला तर साचा अडकतो. गोठला की अर्ध्या तासाच्या आत तोंडाकडून गजाने हलकेच बाहेर ढकला, कारण तो आधी आकसतो आणि नंतर फुगू लागतो. गोठल्यापासून बरोबर तासाभराने मोजा. त्या वेळी साचा चेंबरच्या मापाचा असतो. दुसऱ्या दिवशीच्या मापावर विसंबू नका.

नळीच्या आतल्या पिळदार खाचांचं माप मऊ शिशाची गोळी तेल लावून नळीतून ढकलून घ्या. पाच खाचांची नळी असेल तर साधा मायक्रोमीटर कमी माप दाखवतो, कारण खाचेसमोर खाच येत नाही.

आता मुद्द्याचं. बोर, म्हणजे नळीचा आतला व्यास, वाढतो, कमी होत नाही. .330 च्या नळीची .308 (.30-06 च्या गोळीचं माप) किंवा .323 ची नळी होणार नाही. .318 ची रायफल घेऊन आलेल्याला नवी नळी किंवा आतून लायनर, म्हणजे जुन्या नळीत बसवलेली पातळ नळी, एवढेच मार्ग सांगता येतात.

.275 रिग्बी, म्हणजे 7×57 ची गोष्ट वेगळी. काडतुसाची बूड .30-06 एवढीच, त्यामुळे बोल्टचं तोंड बदलावं लागत नाही, आणि .30-06 चा रीमर, म्हणजे चेंबर कोरायचं हत्यार, जुना चेंबर पूर्ण खाऊन टाकतो. खाचांचा व्यास 7.21 मिलिमीटर, नवा बोर 7.62 ला नेला की जुन्या खाचा निघून जातात, पण प्रत्येक बाजूला जेमतेम 0.2 मिलिमीटरच जास्तीचं लोखंड निघतं. गंजाचा खड्डा याहून खोल असेल तर तो नव्या नळीतही राहतो. जुन्या काडतुसांच्या प्राइमरमधलं क्षार ओलावा ओढतं, आणि आपल्या भागातल्या चार महिन्यांच्या पावसात असे खड्डे बहुतेकदा चेंबरच्या पुढेच खोलवर जातात. त्यामुळे आधी खड्डे पाहा, मगच पुढचं बोला.

खरा धोका ॲक्शनचा, म्हणजे बोल्ट आणि रिसीव्हरच्या जोडीचा. 7×57 चा कमाल दाब 51,000 पीएसआय (चौरस इंचाला पौंड), .30-06 चा 60,000. 1893 किंवा 1895 च्या धर्तीच्या माउझर रायफलीला पुढे दोनच लग, म्हणजे बोल्ट अडकवून धरणाऱ्या खुंट्या, असतात. त्यावर हे काम करूच नये, कितीही आग्रह झाला तरी. 1898 च्या ॲक्शनला मागे तिसरा सुरक्षा लग असतो. तरीही .30-06 चं पूर्ण काडतूस सुमारे 85 मिलिमीटर, 7×57 चं 78. मॅगझिन लहान असेल तर लांबी वाढवताना काडतूस चढायच्या उताराला, म्हणजे खालच्या लगच्या आधारालाच कात्री लागते. तिथे थांबा.

चेंबर झाल्यावर त्याची लांबी तपासायच्या दोन गेजपैकी गो (किमान मापाच्या) गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, नो-गो (त्याहून लांब) गेजवर नाही. नो-गोवर बंद होत असेल तर काडतुसाची बूड तुटून गॅस मागे चेहऱ्यावर येऊ शकतो. मागची आणि पुढची साइट पुन्हा जुळवावी लागते, कारण गोळी आता वेगळ्या ठिकाणी पडते.

दुरुस्ती, रूपांतर, चाचणी यांसाठी आर्म्स ॲक्ट 1959 च्या कलम 5 प्रमाणे परवाना असलेलाच बंदूकवाला लागतो. लायसनवर बोर लिहिलेला असतो, म्हणून जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी नळीला हात लावण्याआधी घ्यायची. .303 प्रतिबंधित बोर आहे, त्याचा विचारही नको.

या कामासाठी दुनळी डबल रायफल आणू नका. दोन्ही नळ्या एकाच ठिकाणी मारतील अशा कोनात झाळलेल्या असतात. बोर आणि काडतूस बदललं की ती जुळणी गेली. ती तेल लावून कोरड्या कापडात ठेवा, कॅनव्हासच्या खोळीत पावसाळाभर बंद ठेवू नका.