आमची वाटचाल: खड्डे मोजण्यापासून रस्त्यांच्या पंचवार्षिक आराखड्यापर्यंत

आमच्या फर्मची सुरुवात खड्डे मोजून देण्याच्या कामाने झाली. ठेकेदाराने बुजवलेल्या खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली मोजायची, मोजमाप पुस्तिकेत नोंद करायची आणि देयकाला आधार द्यायचा, एवढेच काम. आता रस्त्यांचे सर्वेक्षण, पाच वर्षांचा दुरुस्ती आराखडा, निधीची मांडणी, निविदेची कागदपत्रे आणि साइटवरची देखरेख अशी सगळी साखळी आम्ही सांभाळतो. डांबरीकरणाचा ठेका मात्र घेत नाही. थराची जाडी ज्याने ठरवायची आणि तपासायची, त्यानेच तो थर विकू नये, असे आमचे मत आहे.

काम बदलत गेले त्याचे कारण त्या मोजमापांतच होते. खड्डा दिसतो तेव्हा रस्ता बऱ्याच आधीपासून बिघडलेला असतो. आधी बारीक भेग पडते, तिच्यातून पाणी खालच्या खडीच्या थरात उतरते, तो थर मऊ होतो, चाकाखाली वरचा डांबरी थर वाकू लागतो, चाकाच्या पट्ट्यात जाळीदार भेगा येतात आणि मग तुकडे सुटतात. खड्डा नीट भरायचा तर बाजू सरळ उभ्या कापून चौकोन करावा लागतो, टणक थर लागेपर्यंत माल काढावा लागतो. खड्डा कोरडा करून तळाला आणि बाजूंना टॅक कोट (थर चिकटवणारा डांबराचा पातळ फवारा) मारायचा, ५० ते ७५ मिमीच्या थरांनी भरून प्रत्येक थर दाबायचा, माथा आजूबाजूच्या रस्त्यापेक्षा ३ ते ५ मिमी वर ठेवायचा आणि कडा सील करायच्या. हे सगळे केले तरी शेजारची भेग उघडीच असते. पुढच्या पावसात तिथे नवा खड्डा तयार. त्यामुळे पैसा खड्ड्याच्या आधीच्या टप्प्यावर कसा वळवायचा, हा आमच्या कामाचा मुख्य विषय झाला.

सर्वेक्षण: भेग कुठे आहे यावर इलाज ठरतो

पहिली पायरी म्हणजे रस्त्याला गुण देणे. त्यासाठी ० ते १०० चा पीसीआय, म्हणजे रस्त्याच्या स्थितीचा निर्देशांक, जगभर वापरला जातो. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने तो विकसित केला आणि पुढे एएसटीएम या मानक संस्थेच्या डी ६४३३ या मानकात आला. रस्त्याचे साधारण २२५ चौरस मीटरचे तुकडे पाडायचे. ७ मीटर रुंदीच्या रस्त्यावर एक तुकडा सुमारे ३२ मीटर लांबीचा होतो. त्यातले नमुन्यादाखल निवडायचे आणि प्रत्येकात दोषाचा प्रकार, तीव्रता आणि प्रमाण नोंदवायचे. ८५ च्या वर रस्ता चांगला, ५६ ते ७० मध्ये मध्यम, ४० च्या खाली फारच खराब.

पण नुसत्या आकड्यावर इलाज ठरवू नये. समान गुण मिळालेल्या दोन रस्त्यांची दुखणी वेगळी असू शकतात. चाकाच्या पट्ट्यात जाळीदार भेगा असतील तर रस्ता भाराने थकला आहे. तिथे वरून कितीही पातळ थर द्या, भेगा पुन्हा वर येणारच. सगळ्या रुंदीवर मोठे चौकोन पडले असतील तर डांबर वयाने कडक झाले आहे. खालचे थर बहुतेक वेळा ठीक असतात. रस्त्याच्या मध्यातून सरळ लांब भेग गेली असेल तर ती पेव्हरने (माल पसरणाऱ्या यंत्राने) टाकलेल्या दोन पट्ट्यांमधल्या सांध्याची, म्हणजे तिथे दाब कमी बसला होता. खडी सुटत असेल तर मिश्रणात डांबर कमी पडले, ते प्लांटवर जळाले किंवा थर थंड झाल्यावर रोलर फिरला. कडेची भेग बहुधा गटारात साठलेल्या पाण्याकडे बोट दाखवते, आणि तिथे पहिला खर्च गटारावर करायचा.

बस आणि ट्रकच्या मार्गांवर आम्ही डोळ्यांवर विसंबत नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० दरम्यान झालेल्या आशो रोड टेस्टमधून ढोबळ नियम निघाला की आसाचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज साधारण १६ पट होते. रस्त्याच्या हिशेबात मोटारी जवळजवळ नसल्यासारख्याच; कचऱ्याच्या गाड्या, टँकर आणि बस मोजायच्या. अशा रस्त्यांवर बेंकलमन बीम किंवा फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटरने रस्ता किती दबतो ते मोजतो आणि काही ठिकाणी कोअर, म्हणजे रस्त्याच्या थरांचा गोल कापलेला नमुना, काढतो.

कोअर हातात घेतला की बरेच कळते. १०० किंवा १५० मिमी व्यासाचा हा दंडगोल अख्खा बाहेर आला तर थर एकमेकांना धरून आहेत. दोन तुकड्यांत आला आणि तुटलेली बाजू गुळगुळीत, धुळीने करडी असेल, तर त्या थराखाली टॅक कोट नीट बसलेलाच नाही. कोअर आम्ही मुद्दाम भेगेवरच घेतो. भेग वरून सुरू होऊन मध्येच थांबली असेल तर वरचा थर खरवडून बदलला की काम भागते. तळापासून वर आली असेल तर दुखणे खालचे आहे. या एका निरीक्षणावर खर्च चौपट होऊ शकतो, म्हणून कोअरच्या खर्चात काटकसर करणारा आराखडा आम्ही करत नाही.

पैसा: किलोमीटर-वर्षांचा हिशेब

सर्वात वाईट रस्ता आधी, ही मागणी सगळीकडे असते आणि ती करणाऱ्याला दोषही देता येत नाही. पण त्या क्रमाने गेले की शहर मागे पडत जाते. हे समजावण्यासाठी आम्ही किलोमीटर-वर्षांचे गणित मांडतो.

समजा शहरात ४०० किमी रस्ते आहेत. दर वर्षी प्रत्येक किलोमीटरचे एक वर्ष आयुष्य संपते, म्हणजे वर्षाला ४०० किलोमीटर-वर्षे गेली. निधी २०० एकक आहे. एक किमी रस्ता मुळापासून करायला २० एकक लागतात आणि २० वर्षे मिळतात. मिलिंग करून, म्हणजे वरचा थर यंत्राने खरवडून, नवा थर द्यायला ५ एकक लागतात, ८ वर्षे मिळतात. पाणी अडवणाऱ्या पातळ पृष्ठ-सीलला १ एकक, ५ वर्षे. भेगा भरायला ०.२ एकक, २ वर्षे. हे आकडे फक्त उदाहरणाचे. प्रत्येक शहरात स्थानिक दर आणि स्थानिक अनुभव घालायचे.

सगळा निधी मुळापासून करण्यावर लावला तर १० किमी होतात आणि २०० किलोमीटर-वर्षे परत मिळतात. तूट २०० ची, तीही दर वर्षी. आता ४ किमी पुनर्बांधणी, १४ किमी मिलिंग आणि नवा थर, ४० किमी सील, ५० किमी भेगा-भराई अशी वाटणी करा. खर्च ८० + ७० + ४० + १० म्हणजे तोच २००. मिळाले ८० + ११२ + २०० + १००, म्हणजे ४९२. शहर पुढे सरकले.

या गणितात एक पळवाट आहे आणि ती काही जण वापरतात. सील स्वस्त, म्हणून जाळीदार भेगांच्या रस्त्यावरही सील मारून कागदावर किलोमीटर वाढवायचे. अशा रस्त्यावर सील एखाद्या हंगामात उखडते, ५ वर्षे मिळत नाहीत. म्हणून प्रत्येक उपायाला आम्ही गुणांची आणि दोषांची हद्द घालून देतो. साधारणपणे ७० च्या वर भेगा-भराई आणि सील, ४० ते ७० मध्ये मिलिंग आणि नवा थर, त्याखाली कोअर पाहून निर्णय. तोवर फार वाईट रस्त्यांवर फक्त सुरक्षिततेपुरती डागडुजी करायची आणि ते रस्ते पुनर्बांधणीच्या यादीत कोणत्या वर्षी आहेत हे जाहीर करायचे. तारीख कळली की लोकांची तक्रार निम्मी होते. तारीख पाळली नाही तर दुप्पट.

निधीतली खरी अडचण लेखाशीर्षांची असते. पुनर्बांधणी आणि जाड थर भांडवली खर्चात बसतात. त्यांना अनुदान मिळते, कर्ज मिळते, उद्घाटनही होते. भेगा भरणे महसुली खर्चात जाते आणि तंगी आली की कात्री आधी तिथेच लागते. सर्वात जास्त परतावा देणाऱ्या कामाला सर्वात कच्चा आधार. म्हणून रस्त्यांच्या एकूण रकमेचा किमान पाचवा भाग जतनाच्या स्वतंत्र शीर्षात बांधून ठेवावा, असा आमचा आग्रह असतो. कर्जाबाबत नियम सोपा ठेवावा: हप्त्यांची मुदत कामाच्या आयुष्यापेक्षा लांब नको. ८ वर्षे टिकणाऱ्या थरासाठी २० वर्षांचे कर्ज काढले तर रस्ता पुन्हा दोनदा करावा लागतो आणि पहिल्याचे व्याज चालूच राहते. प्रभागांना समान वाटणी हीसुद्धा सोपी वाटणारी महाग सवय आहे. रस्त्यांची लांबी, जड वाहतूक आणि गुण यांवर सूत्र बसवले तर प्रतिनिधींसमोर मांडता येते, आणि शेजारशेजारचे रस्ते एका पॅकेजमध्ये घेतले तर यंत्रांची ने-आण वाचते.

चर, चेंबर आणि निविदेतल्या ओळी

नवा रस्ता आणि त्यावर महिन्याभरात जलवाहिनीचा चर, हे दृश्य टाळायला एकच उपाय चालतो: पाणी, मलनिस्सारण, वीज, गॅस, केबल यांचे पुढच्या पाच वर्षांचे नकाशे आमच्या यादीवर ठेवून क्रम लावणे, आणि डांबरीकरणानंतर तीन ते पाच वर्षे खोदाईबंदी. जुनी वाहिनी त्या मुदतीत बदलायचीच असेल तर रस्ता पुढे ढकलायचा. तातडीच्या गळतीला बंदी लागू करता येत नाही, म्हणून चर भरण्याची पद्धत आधीच ठरवून द्यावी लागते. माल १५० ते २०० मिमीच्या थरांत भरून प्रत्येक थर दाबायचा आणि वरचा डांबरी पट्टा चराच्या दोन्ही कडांपलीकडे ३०० मिमी घ्यायचा, कारण खोदताना कडेची मातीही सैल होते. पुनर्भरण शुल्कात फक्त चराची रुंदी धरली तर फरक शहराच्या खिशातून जातो.

निविदेत काही ओळी नसल्या की भांडण ठरलेले. मिलिंग झाल्यावर उरलेला पातळ थर पापुद्र्यासारखा सुटतो आणि खाली मऊ जागा सापडते. खोल दुरुस्तीचा चौरस मीटरचा दर निविदेत नसेल तर ठेकेदार त्यावरूनच पेव्हर नेतो. म्हणून ती बाब आणि ८ ते १० टक्के आकस्मिक तरतूद ठेवतो. चेंबरची झाकणे नव्या थराच्या पातळीला उचलणे नगावर वेगळे. टॅक कोटचा दर पाणी उडाल्यावर शिल्लक राहणाऱ्या डांबरावर लिहितो: चौरस मीटरला २५० ग्रॅम डांबर हवे आणि इमल्शनमध्ये (पाण्यात मिसळलेल्या डांबरात) ते ६० टक्के असेल, तर सुमारे ४१५ ग्रॅम इमल्शन फवारावे लागते. नुसते ‘२५० ग्रॅम’ लिहिले की तेवढे इमल्शन फवारून काम उरकले जाते. मिश्रणात डांबर वजनाने ५ ते ६ टक्केच असले तरी ७ मीटर रुंद, ४० मिमी जाड एक किलोमीटरला साधारण ६६० टन माल आणि त्यात सुमारे ३६ टन डांबर जाते. लांब मुदतीच्या कामात डांबराच्या भाववाढीचे सूत्र नसेल तर ठेकेदार ती जोखीम दरात घालतो किंवा मध्येच काम थांबवतो.

साइटवर आमचा माणूस तीन गोष्टींवर नजर ठेवतो. पहिली, टॅक कोट तपकिरीचा काळा झाला का. त्याआधी माल पडला तर अडकलेले पाणी थर चिकटू देत नाही. दुसरी, मालाचा हिशेब. २० टनांचा टिपर ३.५ मीटर रुंदीच्या पट्टीवर ४० मिमी जाडीने सुमारे ६० मीटर पुरतो. तोच ७५ मीटर पुरला तर जाडी ३२ मिमीवर आली आहे. हे कळायला कोअरची वाट पाहावी लागत नाही, टेप आणि वजनाची पावती पुरते. तिसरी, तापमान. माल १४० अंशांच्या आसपास पडला पाहिजे आणि थर ९० अंशांवर येण्याआधी रोलिंग संपले पाहिजे. पुढचा टिपर उशिरा आला की पेव्हर थांबतो, स्क्रीडसमोरचा (पेव्हरच्या सपाट करणाऱ्या पाटीसमोरचा) माल थंड होतो आणि तिथे आडवा, सच्छिद्र पट्टा राहतो. दाबून झाल्यावर थरात ८ टक्क्यांहून जास्त पोकळी राहिली तर पाणी आरपार जाऊ लागते. पट्ट्यांच्या सांध्यावर ही पोकळी नेहमीच जास्त सापडते, म्हणून घनतेचा एक नमुना तिथलाच घेतो.

नव्या शहराचे काम सुरू करताना आम्ही चार कागद मागतो: रस्त्यांची रुंदीसह यादी, मागच्या दहा वर्षांत कुठे कोणता थर पडला त्याची देयके, भूमिगत वाहिन्यांचे नकाशे आणि बसमार्ग. दुसरा कागद सहसा अपुरा असतो. तो जुन्या मोजमाप पुस्तिकांतून जुळवावा लागतो, त्यामुळे सर्वेक्षणाची गाडी बाहेर काढण्याआधी पहिला महिना कार्यालयातच जातो. त्या महिन्याचे शुल्क आमच्या दरपत्रकात वेगळे लिहिलेले असते.