झुमऱ्याच्या चौदा मात्रा

इंदूरला रामबागेत आमचं घर. बाबा संध्याकाळी उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा लावायचे. मी कणीक मळता मळता ऐकायचे. अतिविलंबित, अगदी संथ झुमरा ताल, 14 मात्रा, घाई म्हणून नाही. कोमल रिषभ, पंचम वर्ज्य, आणि षड्जावर यायचं सारखं लांबवणारा तो राग.

बाबा गेल्यावर एकदा गाण्याची वही उघडली. स्वरलिपीच्या खाली आपोआप एक ओळ उतरली: बाबांची खुर्ची अजून खिडकीकडे तोंड करून आहे. त्या रात्री चार पानं झाली. रडूनही बाहेर न आलेलं सगळं.

आता प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचते. सम, तालाची पहिली मात्रा, चुकल्यासारखी वाटली की खोडते. काल आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ते खिडकीचं परत वाच गं."