चौघांचा घुमट

सिंदखेडराजाला येणारा माणूस आधी जिजाऊंच्या जन्मस्थानी जातो, आणि जावंच. १२ जानेवारीला तर तिथे पाय ठेवायला जागा नसते. पण या खेपेला मला ओढ होती ती त्यांच्या माहेरच्या समाधीची. जालन्याहून सकाळीच निघालो.

लखुजीराव जाधवांची समाधी लांबूनच नजरेत भरते. भक्कम चौकोनी बांधणी, वर घुमट, सगळी धाटणी दख्खनी सुलतानांच्या काळातली. आत पाऊल टाकलं आणि बोलणं आपोआप थांबलं. १६२९ च्या जुलैत देवगिरीच्या किल्ल्यावर निजामशाही दरबारात लखुजीराव, मुलगे अचलोजी आणि रघुजी, नातू यशवंतराव यांना दगा देऊन मारलं. एका घरातले चौघे, एकाच दिवशी. हे शाळेपासून माहीत होतं. तिथल्या गारव्यात उभं राहून महिने मोजले, तेव्हा मात्र पोटात कालवलं. शिवरायांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. म्हणजे माहेरची ही बातमी आली तेव्हा जिजाऊंना नुकतेच दिवस गेले होते. बाप, दोन भाऊ, भाचा! गर्दी जन्मस्थानी होते याचं वाईट वाटत नाही, पण त्यातल्या प्रत्येकाने इथेही घटकाभर टेकावं असं फार वाटतं.

भिंतीजवळ जाऊन दगडांचे सांधे निरखले. अशा जुन्या कामाला चुनाच लागतो. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंट थापलं की ती आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. आपल्याकडे कित्येक घराण्यांच्या समाध्या सिमेंट आणि ऑइलपेंटने ‘सुधारलेल्या’ पाहिल्यात, जीव हळहळतो. माया असूनही नुकसान होतं ते असं.

इथली देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहे. २०२४ मध्ये समाधीच्या जतनाचं काम चालू असताना शेजारी काही दगड उघडे पडले. खणत गेल्यावर शिवमंदिराचा पाया लागला आणि आणखी खाली, सुमारे सव्वादोन मीटरवर, शेषशायी विष्णूची मूर्ती! पावणेदोन मीटरच्या आसपास लांब, शेषावर पहुडलेले विष्णू, पायाशी लक्ष्मी. समाधीची निगा राखताना तिच्याहून कितीतरी जुनं गाव हाती आलं. मातीत अजून काय काय असेल, या विचाराने मी त्या जागेभोवती दोनदा फिरलो.

निघताना एका सांध्यात पिंपळाचं बोटभर रोप दिसलं, दोनच तांबूस पानं. उपटलं तर मुळाबरोबर चुना निघतो, वरवर छाटलं तर पुन्हा फुटतं. मूळ औषध घालून मारावं लागतं. हात लावला नाही. झाडलोट करणाऱ्या काकांना नेऊन दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं, शेजारच्या दगडावर विटकरीने खूण करायला निघाले, मग थांबले आणि खाली जमिनीवर खडा ठेवला.

“सायबाले सांगतो,” म्हणाले, “पावसाच्या आधी.”