कॅल्थ्रॉपच्या वाटेवर

शनिवार, रात्र

पाय दुखत नाहीयेत. डोंगराळ मुलुखात दिवसभर सायकल हाकूनही पाय शाबूत राहिले, याचं श्रेय वाफेच्या इंजिनाला. इंजिनाला चढ सोसत नाही, म्हणून रूळ टाकणारे नदीचं बोट धरून वळणं घेत जातात. रूळ उखडले तरी तो सौम्यपणा जमिनीत तसाच राहतो. आजची वाट इंग्लंडच्या स्टॅफर्डशरमधली, अशाच रूळ उखडलेल्या रेल्वेची, मॅनिफोल्ड वे. वॉटरहाउसेस ते हल्म एंड, तेराएक किलोमीटर. आधी हॅम्प्स नदीकाठाने हळूच उतार, आणि बीस्टन टॉरच्या कड्यापाशी वळलं की मॅनिफोल्ड नदीकाठाने न जाणवणारा चढ.

सायकलीसाठी डर्बीच्या आसपास वाटा पुष्कळ आहेत. हीच निवडली ती बार्शीमुळे.

मी कुर्डुवाडीचा. बार्शी लाईट ही आमच्याकडची अरुंद रुळांची रेल्वे ज्या एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने उभी केली, त्यानेच पुढे ही लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे बांधली. बार्शी लाईटचा पहिला टप्पा 1897 चा, इथली गाडी 1904 ची. रूळ दोन्हीकडे अडीच फुटी, इंजिनं दोन्हीकडे लीड्सच्या किटसन कंपनीची. म्हणजे प्रयोग आमच्या काळ्या मातीत झाला आणि त्याचा फायदा इंग्लंडच्या दरीला मिळाला. एरवी गोष्ट उलटी सांगतात! इथले डबे फिकट पिवळे होते आणि इंजिनाच्या पुढे भलामोठा दिवा. जुन्या फोटोंत ती गाडी इंग्लंडातली वाटतच नाही.

नदीकाठाने म्हटलं खरं, पण हॅम्प्सच्या पात्रात आज टिपूस नव्हता. मुलुख चुनखडीचा. पावसाने ओढ दिली की नदी जमिनीखाली जाते आणि पार इलमजवळ वर येते. पात्रात गोल धोंडे, त्यांवर वाळून पापुद्रे सुटलेलं शेवाळ, मधूनच रुंद पानांचं रान. पूल मात्र एकामागून एक येतच होते. कोरड्या नदीवरून इतक्यांदा ये-जा केल्यावर सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला परकं कसं वाटेल? काठाला रानलसूण फुललेली, पांढरीशुभ्र. तिच्या वासाने भूक मात्र खवळली.

थॉर्स केव्ह ही गुहा खालूनच पाहणार होतो. कड्यात उंचावर तिचं आ वासलेलं तोंड दिसलं आणि राहवेना. सायकल कुंपणाला बांधली, धापा टाकत चढलो. तोंडाशी खडक लोकांच्या पायांनी इतका घासलाय की बूट टिकत नाहीत. एक आजोबा बसून खाली सरकत होते, त्यांचंच अनुकरण केलं.

वेटन मिलला चहा. तिथून पुढे थोडं अंतर याच वाटेवर मोटारीही येतात, ते काही आवडलं नाही. स्वेन्सलीचा बोगदासुद्धा मोटारींसोबतच पार करावा लागतो. हा बोगदा डोंगर आडवा आला म्हणून कमी, आणि स्वेन्सली हॉलमधून गाडी दिसू नये म्हणून जास्त खणला, असं सांगतात. तिथे राहणारे सर थॉमस वॉर्डल हे लीकचे रेशीम रंगवणारे, भारतातल्या टसर रेशमावर आयुष्य घालवलेले, आणि खुद्द या रेल्वेतले भागीदार. गाडी हवी, पण खिडकीतून दिसायला नको!

गाडी चालली तीसच वर्षं. गावं वर पठारावर, स्टेशनं खाली दरीत. चढून-उतरून कोण येणार? आधार होता दुधाचा. एक्टनची डेअरी 1932 मध्ये बंद पडली आणि 1934 च्या मार्चात गाडीही. रेल्वे कंपनीने जमीन काउंटीला देऊन टाकली, काउंटीने डांबर घातलं, 1937 मध्ये वाट खुली. म्हणजे आता वाटेचं वय गाडीच्या आयुष्याच्या जवळजवळ तिप्पट. हल्म एंडचं तिकीटघर अजून आहे, लाकडी, आटोपशीर; आत गाडीची माहिती मांडलीय.

बार्शी लाईटचं नशीब वेगळं. ती मिरज-लातूर अशी वाढली, शंभरी ओलांडली आणि ब्रॉडगेज झाली. त्याचं दुःख मला अजिबात नाही. पंढरपूरला जाणाऱ्या माणसाला वेगाची गाडी हवी, माझ्या आठवणी नकोत. पण ब्रॉडगेज करताना धाराशिवला जोडायला मार्ग वळवला, तेव्हा सुटलेल्या जुन्या भरावाचं काही करावं असं कुणाला सुचलं असतं तर? येडशीच्या बाजूला रामलिंगचं जंगल आहे, श्रावणात यात्रेकरू असतात, शाळेला सायकलवर जाणारी पोरं आहेत. रुळाखालची जमीन एकदा तुकड्यातुकड्याने गेली की पुन्हा सलग मिळत नाही. इथे त्यांनी तीन वर्षांत निकाल लावला, म्हणून ती वाचली.

घरी आल्यावर नानांना फोन केला. ते कुर्डुवाडीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेत. इथली सगळी गाडी म्हणजे दोन इंजिनं आणि चार डबे, असं सांगितलं तर हसायलाच लागले. "चार डबे? आषाढीला आमच्याकडं तेवढी माणसं टपावर असायची!" मग एकदम गंभीर होऊन इंजिनाची चाकं किती, टाकी बाजूला का मागं, ब्रेक कसला, हे विचारू लागले. चाकं बारा एवढंच मला सांगता आलं. माहितीच्या फलकाचा फोटो मोठा करून पाठव म्हणाले, अक्षरं वाचता येतील असा. उद्या सकाळी पाठवतो.