तुम्ही विचारलंत म्हणून : नाशिकच्या शैलजाताईंचा राग आला होता का?

मी मुलींना कबड्डी शिकवते हे कळलं की लग्नाच्या पंगतीत असो, एसटीत असो, दहा मिनिटांत एक प्रश्न ठरलेला. “ताई, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत, जकार्तात, आपल्या मुलींना इराणनं हरवलं, आणि इराणची प्रशिक्षक निघाली आपल्या नाशिकची. तुम्हाला राग नाही आला?” परवा एका मुलीच्या वडिलांनी पुन्हा विचारलं. उभ्या उभ्या दोन वाक्यांत बोळवण करण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून लिहूनच टाकते.

राग आला होता, आणि तो कुणाचा हे कळायला मला बरेच महिने लागले.

२४ ऑगस्ट २०१८, शुक्रवार. आमच्याकडे रायगडात त्या दिवसांत मैदानाचा चिखल झालेला असतो, सराव शाळेच्या पडवीत चालतो. त्या दिवशी तोही बंद ठेवला आणि सगळ्या मुलींना घरी बोलावलं. टीव्हीसमोर सतरंजीवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. आदल्या दिवशीच पुरुषांचा संघ उपांत्य फेरीत इराणकडून १८-२७ असा हरला होता. १९९० मध्ये बीजिंगला कबड्डी आशियाई स्पर्धेत आली, तेव्हापासून २०१४ पर्यंत सातच्या सात सुवर्णपदकं आपली. रिशांक देवाडिगा आणि गिरीश एर्नाक ही आपली मुलं त्या संघात होती. साखळीत दक्षिण कोरियाकडून २३-२४ असे एका गुणानं हरलो, तेव्हा मी स्वतः मुलींना म्हणाले होते, “होतं असं एखाद्या वेळी.” इराणनं ते माझे शब्द माझ्याच तोंडात घातले.

म्हणून मुलींच्या अंतिम सामन्याकडे डोळे लावून बसलो होतो. २०१० ला ग्वांगझू, २०१४ ला इन्चिऑन, दोन्हीकडे आपल्या मुलींनी सोनं आणलेलं. हे तिसरं व्हायचं होतं. सामना २४-२७ असा संपला. घरात कुणी बोलेना. चहा ठेवला होता, तो कुणी घेतला नाही. मग डावा कोपरा, म्हणजे बचावाच्या रांगेतलं डावं टोक, खेळणारी एक मुलगी, तेव्हा आठवीत होती, म्हणाली, “ताई, त्या पकड करताना घाईच करत नाहीत.”

एवढ्या वर्षांत जकार्ताबद्दल मी पुष्कळ वाचलं आणि ऐकलं, पण या पोरीइतकं नेमकं कुणी बोलल्याचं मला आठवत नाही.

घोट्याची पकड कशी होते ते सांगते. चढाई करणारी मुलगी बोनससाठी, म्हणजे जादा गुणासाठी, बोनस रेषेच्या आत पाय टाकते. कोपऱ्यातल्या मुलीला वाटतं, हाच मोका, आणि ती झेपावते. पण तो पाय अजून हवेत असतो. तो मागे ओढला जातो, चढाईवाली हिच्या पाठीला हात लावून मध्यरेषा गाठते, आणि आपला एक खेळाडू बाहेर. नुसता श्वास घेण्याएवढं थांबायचं असतं. पाय टेकला, अंगाचा भार त्या पायावर आला, की मग दोन्ही हातांनी घोटा धरायचा, डोकं बाजूला ठेवून, नाहीतर गुडघा कपाळावर बसतो. आणि त्याच क्षणी शेजारच्या मुलीनं कंबर गाठायची. पहिलीनं धरलं आणि दुसरीनं बघत राहिलं, तर पकड सुटलीच म्हणून समजा. ऐकायला सोपं वाटतं. माझ्या मुलींना हे थांबणं जमायला दीड वर्ष लागलं.

इराणी मुलींनी आणि त्यांच्या पुरुषांनीही त्या दोन दिवसांत हेच करून दाखवलं. त्यात चमत्कार नव्हता. त्या देशाला कुस्तीची मोठी परंपरा आहे. अंगाला अंग भिडवायचं भय नाही, माणूस कुठे धरला की हलत नाही हे हाताला ठाऊक. फझल अत्राचली, अबोझर मिघानी हे बचावपटू आपल्याच प्रो कबड्डीत आपल्याच चढाईपटूंना रोज अडवत होते. जकार्ताच्या काही महिने आधी फझलला यू मुंबा या प्रो कबड्डीतल्या संघानं १ कोटी रुपयांना घेतलं, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. मग तोच माणूस आपली चढाई ओळखतो याचं आश्चर्य कशाला? आणि इराण काही एका रात्रीत वर आला नव्हता. इन्चिऑनचा पुरुषांचा अंतिम सामना आपण जिंकलो तो २७-२५ असा, दोनच गुणांनी. २०१२ मध्ये पाटण्याला महिलांचा विश्वचषक झाला, दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के, अभिलाषा म्हात्रे या आपल्या मुलींनी तो गाजवला. त्याही अंतिम सामन्यात समोर इराणच होता. दारावर कोण येऊन उभं आहे हे दिसत होतं. आपण गुलाल उधळण्यात होतो.

आता शैलजा जैन. वर्षानुवर्षं नाशिकला मुली घडवणाऱ्या या बाई इराणला गेल्या. भारतीय संघाची जबाबदारी आपल्याला मिळाली नाही ही खंत त्यांनी उघड बोलून दाखवली आहे. तिकडे गेल्यावर फारसी शिकल्या, सरावात योगासनं आणि प्राणायाम आणला. प्राणायामाचं ऐकलं तेव्हा मला सगळ्यात जास्त हलल्यासारखं झालं, कारण कबड्डी हा दमाचाच खेळ. आमच्या आज्या हुतूतू म्हणायच्या, त्यातही सगळी मजा दम टिकवण्यातच. आपल्या घरची गोष्ट त्यांनी तिकडे नेली आणि मनापासून दिली. प्रशिक्षकानं दुसरं काय करायचं असतं? समोरच्या मुलींना अर्धंमुर्धं शिकवायचं? त्या इराणी मुलींनी त्यांच्या हाती आयुष्याची वर्षं दिली होती.

माझा राग होता तो “आपला खेळ” या दोन शब्दांवर. १९३६ ला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी जगाला दाखवली, हे मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते. कबड्डीसाठी आयुष्य वेचणाऱ्या बुवा साळवींच्या जन्मदिवशी, १५ जुलैला, आम्ही कबड्डी दिन साजरा करतो, आखाड्याला नारळ फोडतो. त्या अभिमानात काही खोट नाही. पण खेळ आपला आहे म्हटल्यावर तो आपल्याला येतोच, असं आपण धरून चाललो. माझ्याकडे येणारी दहापैकी नऊ मुलं-मुली सांगतात, “मला चढाई शिकवा.” टीव्हीवर चढाईच दिसते, बक्षीस चढाईलाच मिळतं. कोपऱ्यात उभं राहायला कुणी तयार नसतं. मीही त्यांचं ऐकत होते, ही माझी चूक.

आणि दुसरा राग मॅटचा. आमच्या मुली लाल मातीत अनवाणी खेळतात. चुन्याची फक्की मारून आखलेल्या रेषा, घसरलं की गुडघा सोललेला. एका निवड शिबिराला माझ्या दोन मुली गेल्या, तिथे एकदम मॅट, पायात उसने बूट. मातीवर पाय थोडा सरकतो आणि मग थांबतो, मॅटवर तो जागच्या जागी रुततो. दोघी पहिल्याच दिवशी घोटा मुरगळून बसल्या. शिबिराचं पत्र आम्हाला मिळालं होतं चार दिवस आधी. कुठल्या शिबिरात ते सांगत नाही, कारण एका जागेचा हा प्रश्नच नाही. जकार्तात तीन गुणांनी जे सुटलं, ते सुटायला अशाच गावांतून सुरुवात झालेली असते असं मला अजून वाटतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पुरुष आणि महिला अशी दोन्ही सुवर्णपदकं परत आली. ७ ऑक्टोबरला मुलींनी चिनी तैपेईला २६-२५ असं हरवलं, आणि ते त्या स्पर्धेतलं भारताचं शंभरावं पदक ठरलं. साखळीत याच संघाशी ३४-३४ अशी बरोबरी झाली होती, म्हणजे आता तैपेईही दारात आहे. पुण्याची स्नेहल शिंदे त्या संघात होती, मुंबईची सोनाली शिंगटेही होती. सोनाली जकार्तालाही खेळली होती. पदक गळ्यात पडलं तेव्हा मी तिचाच चेहरा शोधत होते.

पुरुषांनी इराणला ३३-२९ असं हरवलं, पण २८-२८ वर आपला चढाईपटू पवन सेहरावत कुणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीत, गेला, त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले, आणि कोण बाद यावर जवळजवळ तासभर खेळ थांबला. जुन्या नियमानं मागे गेलेलेही बाद, नव्या नियमानं फक्त चढाईवाला. दुसऱ्या दिवशी आम्ही मैदानात फक्कीनं रेषा आखून तो प्रसंग चार वेळा करून बघितला. मुली भांडल्या, दोन तट पडले. अंतिम सामन्यात आल्यावर नियम कुठला यावर वाद व्हावा, हे मला पटलेलं नाही, सोनं आपल्याला मिळालं असलं तरी.

आता आमचा सराव बचावानं सुरू होतो. पहिली चाळीस मिनिटं चढाई नाही. नव्या मुली कुरकुरतात.

ती डाव्या कोपऱ्याची मुलगी आता कॉलेजला आहे, सुट्टीत येते आणि लहान मुलींना घोटा धरायला शिकवते. मागच्या दिवाळीत तिनं विचारलं, “ताई, तुम्हाला इराणनं बोलावलं तर जाल?”

“जाईन,” म्हटलं.

“आणि भारताबरोबर फायनल आली तर?”

“तर पाय टेकेपर्यंत थांबा, असंच सांगेन त्यांना.”

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग ओढणी कमरेला बांधून पुन्हा कोपऱ्यात जाऊन उभी राहिली.