मोटेची धाव

जुन्नर तालुक्यातील एका गावासाठी, चाकाच्या खुर्चीवरील आणि अंध मुलांसह सर्वांना एकत्र खेळता येईल असे मैदान आखण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा गावकऱ्यांची अट एकच होती: खेळणी शेतीतली हवीत. आमच्या व्यवसायात ‘सर्वसमावेशक’ याचा अर्थ बहुधा फाटकापाशी एक उतार आणि निळा फलक एवढाच घेतला जातो. उतार संपला की वाळू सुरू होते आणि खुर्चीची पुढची लहान चाके तिथेच रुततात.

मळणीच्या खळ्याने मला मोठा हात दिला. चोपून सारवलेले खळे सपाट आणि टणक असते, आणि खुर्चीला नेमकी तशीच जमीन लागते. मधल्या तिवड्याला, म्हणजे खांबाला, गोल फिरणारी आडवी दांडी बसवली. मळणीच्या पातीत, म्हणजे एकत्र बांधलेल्या बैलांच्या रांगेत, संथ बैल तिवड्याजवळ बांधतात, कारण त्याला कमी चालावे लागते. त्याच हिशेबाने हळू चालणारे मूल आत, पळणारे कडेला, आणि तरीही सर्वांचा फेरा एकाच वेळी पूर्ण होतो. ही रचना मला आजही आवडते.

चूक झाली ती मोटेत. मोट म्हणजे बैलांकरवी विहिरीतून पाणी काढायचे कातडी भांडे, आणि धाव म्हणजे विहिरीपासूनची बैलांची वाट. धाव उभी असते म्हणून मी तिची घसरगुंडी केली, मोट ओढायला वर चौथरा ठेवला, आणि खुर्चीवरील मुलांसाठी थारोळ्यातून, म्हणजे मोट रिकामी होते त्या कुंडातून, निघणारा पाट गुडघ्याच्या उंचीवर उचलून आणला, म्हणजे त्यांना दारे धरता येईल, पाटाच्या पाण्याची वाट उघडता-बंद करता येईल. नकाशावर हे फार समाधानकारक दिसत होते.

चाचणीच्या दिवशी खुर्चीवरील एका दहा वर्षांच्या मुलाने पाटाची फळी दोनदा उघडली, बंद केली आणि विचारले, “मोट मी कधी ओढायची?” मी चौथऱ्याच्या उंचीचे कारण सांगू लागलो. त्याचे आजोबा शेजारी उभे होते. ते म्हणाले, “साहेब, मोट वर उभं राहून कुणी ओढत नव्हतं. बैल उताराला जायचे आणि आम्ही नाड्यावर, मोटेच्या दोरावर, बसायचो, तेवढंच वजन.”

मोटेवर मी दोन महिने वाचन केले होते, मोजमापे घेतली होती, आणि तिची मूळ युक्तीच माझ्या नजरेतून सुटली होती: वजन खाली जाते म्हणून पाणी वर येते. खुर्चीला उतार अडचणीचा, हे आमच्या डोक्यात इतके बसलेले असते की उतार तिच्या कामी येईल हा विचारच शिवत नाही.

घसरगुंडी काढली. एकास बारा या प्रमाणात सहा मीटरची धाव घातली, म्हणजे अर्ध्या मीटरचा उतार, दोन्ही बाजूंना कठडा आणि खाली खुर्ची वळवायला दीड मीटरची मोकळी जागा. ठेकेदाराने वाढीव कामाचे बिल लावले आणि फोडकाम अर्धवट टाकून तो आठवडाभर फिरकला नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही. मुलाने दोर मांडीवर धरून खुर्ची सोडली, तेव्हा पाणी थारोळ्यात पडले आणि पाटाशी बसलेल्या अंध मुलीने आवाज ऐकताच फळी उघडली.

दोर मात्र हातात धरावा लागतो, आणि त्या मुलाचे हात लवकर थकतात. त्याचे म्हणणे, दोर खुर्चीलाच बांधा. सुरक्षेच्या कारणाने मी नकार दिला आहे. “ब्रेक आहे की खुर्चीला,” तो म्हणाला. सुटा होणारा आकडा वापरून काही जमते का, याची तिसरी आकृती सध्या माझ्या टेबलावर आहे.